कर्ज कोणत्या चलनात, खटला कोणत्या कोर्टात

५ जुलै २०१९ रोजी निर्मला सीतारामन यांनी आपला पहिला अर्थसंकल्प मांडला. त्यात एक छोटीशी घोषणा होती. भारत सरकारचे परदेशी कर्ज जीडीपीच्या पाच टक्क्यांहूनही कमी आहे, तेव्हा यापुढे सरकार आपल्या कर्जाचा काही भाग परदेशी बाजारात, परकीय चलनात उभा करील. मुंबईच्या रोखेबाजाराला बातमी आवडली, कारण सरकार बाहेरून पैसे आणणार म्हणजे इथला भार हलका होणार. पण काही दिवसांतच विरोधाचा सूर चढला. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन आणि वाय. व्ही. रेड्डी यांनी जाहीरपणे शंका घेतली आणि पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे तेव्हाचे सदस्य रथिन रॉय यांनीही हा मार्ग धोक्याचा म्हटला. महिना संपायच्या आत अर्थ सचिवांची बदली झाली आणि तो प्रस्ताव हळूहळू मागे पडला.

जगभर बहुतेक विकसनशील देश जे सर्रास करतात, ते करायला भारत इतका का कचरतो? आणि सरकारला जे नको ते खासगी कंपन्यांना मात्र चालते, हे कसे? उत्तर शोधताना परदेशी रोखे आणि देशी रोखे यांच्यातला फरक नीट पाहावा लागतो. पाठ्यपुस्तके तो भूगोलाने सांगतात: देशात विकले ते देशी, बाहेर विकले ते आंतरराष्ट्रीय. ही व्याख्या कामाची नाही. रोखा कुठे विकला यापेक्षा तो कोणत्या चलनात फेडायचा आणि भांडण झाले तर कोणत्या कोर्टात जायचे, या दोन गोष्टी खरा फरक ठरवतात. बाकी सगळे तपशील त्यांच्या मागून येतात.

प्रकार थोडक्यात सांगून मोकळे होऊ. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले. कर्जदार भारतीय, चलन रुपया, कायदा भारतीय, नोंदणी मुंबई शेअर बाजारात. हा झाला शुद्ध देशी रोखा. परक्या कंपनीने दुसऱ्या देशाच्या बाजारात जाऊन त्यांच्याच चलनात कर्ज घेतले की तो ‘फॉरेन बाँड’. अमेरिकेत त्याला यांकी म्हणतात, जपानमध्ये सामुराई, ब्रिटनमध्ये बुलडॉग. १९९७ मध्ये रिलायन्सने अमेरिकेत चक्क शंभर वर्षांच्या मुदतीचे डॉलर रोखे विकले होते. तिसरा प्रकार युरोबाँड. युरो या चलनाशी त्याचा संबंध नाही. ज्या देशाचे चलन, त्या देशाच्या बाहेर आणि त्याच्या नियंत्रकाच्या नजरेआड विकलेला रोखा तो युरोबाँड.

या तिसऱ्या प्रकाराचा जन्म रंजक आहे. जुलै १९६३ मध्ये इटलीच्या महामार्ग कंपनीने, ऑटोस्ट्राडेने, दीड कोटी डॉलरचे पंधरा वर्षांचे रोखे साडेपाच टक्क्यांनी विकले. व्यवहार जुळवला लंडनच्या सिगमंड वॉरबर्ग यांच्या बँकेने आणि नोंदणी झाली लक्झेम्बर्गला. त्याच महिन्यात अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांनी परदेशी रोखे घेणाऱ्या अमेरिकनांवर कर लावण्याचा प्रस्ताव आणला. परदेशी कर्जदारांना न्यूयॉर्क महाग पडू लागले आणि डॉलरच्या कर्जाचा बाजारच लंडनला सरकला. अमेरिकेने स्वतःचा धंदा स्वतःच्या हाताने बाहेर घालवला, असे म्हणायला हरकत नाही. हे रोखे ज्याच्या हाती त्याचे, नावाची नोंद नाही आणि व्याजातून कर कापला जात नसे. त्यामुळे या बाजाराचा नमुनेदार ग्राहक म्हणून ‘बेल्जियन दंतवैद्य’ प्रसिद्ध झाला. घरच्या करखात्याला कळू नये म्हणून तो लक्झेम्बर्गला जाऊन व्याजाची कुपने वटवून येई. आज सगळे रोखे खात्यातल्या नोंदींवर चालतात, ब्रुसेल्सची युरोक्लिअर आणि लक्झेम्बर्गची क्लिअरस्ट्रीम हा हिशेब ठेवतात. पण व्याजावरचा कर हा विषय या बाजाराच्या मुळाशी तेव्हा होता तसा आजही आहे.

आता चलनाकडे वळू. हा भाग लांबेल, कारण कर्ज घेणाऱ्याचे नशीब इथेच ठरते.

परकीय चलनातले कर्ज म्हणजे काय असते, हे भारत एकोणिसाव्या शतकातच शिकला होता. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे कर्ज दोन ठिकाणी असे, काही इथे रुपयांत आणि बरेचसे लंडनमध्ये स्टर्लिंगमध्ये. शिवाय रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी दिलेली. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. पुढे जगभर चांदीचा भाव घसरला, चांदीचा रुपया त्याबरोबर खाली आला आणि १८९४-९५ च्या सुमारास तो एक शिलिंग एक पेन्सवर पोचला. लंडनला पाठवायचे पौंड तेवढेच राहिले, पण ते विकत घ्यायला लागणारे रुपये जवळपास पावणेदोन पट झाले. वाढलेला बोजा अर्थातच इथल्या शेतसारा आणि मीठ-कर भरणाऱ्यांवर पडला. ‘विनिमयातील तोटा’ हे तेव्हाच्या अर्थसंकल्पातले कायमचे दुखणे होते. १८९७ मध्ये पुण्याच्या डेक्कन सभेच्या वतीने गोपाळ कृष्ण गोखले लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्षीला गेले, तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाचा जो हिशेब त्यांना मांडावा लागला त्याला ही पार्श्वभूमी होती. ते स्टर्लिंग कर्ज फिटले दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटनकडे भारताची येणी साचली तेव्हा. स्वतंत्र भारताने नंतर जागतिक बँकेकडून आणि मित्रदेशांकडून परकीय चलनात भरपूर उसनवार केली, पण बाजारात सरकारी डॉलर रोखा विकला नाही. १९९८ मध्ये अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले, तेव्हाही ‘रिसर्जंट इंडिया बाँड’ सरकारने नाही, स्टेट बँकेने विकले आणि तेही फक्त अनिवासी भारतीयांना. त्यातून सुमारे ४२० कोटी डॉलर आले. विनिमय दरातल्या तोट्याचा मोठा वाटा मात्र सरकारने पत्करला होता, हे विसरता कामा नये.

२०१९ च्या प्रस्तावाचा हिशेब आता मागे वळून मांडता येतो. समजा, त्या जुलैत सरकारने १००० कोटी डॉलर उभे केले असते. डॉलर तेव्हा सुमारे ६९ रुपयांना होता, म्हणजे ६९ हजार कोटी रुपये हाती आले असते. पाच वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, डॉलर साडेत्र्याऐंशीला होता. मुद्दल ८३,५०० कोटींवर गेले असते. ही घसरण वर्षाला चार टक्क्यांच्या किंचित खाली येते. व्याज साडेतीन टक्के धरले, तरी खरा खर्च सव्वासात टक्क्यांच्या पुढे जातो. आणि तेव्हा सरकारला इथेच, रुपयात, दहा वर्षांसाठी साडेसहा-पावणेसात टक्क्यांनी पैसे मिळत होते! ‘परदेशात व्याज स्वस्त’ या वाक्यातली मेख ही आहे.

अर्थात नेहमी असेच होते असे नाही. २००२ ते २००७ या काळात रुपया ४८ वरून ३९ पर्यंत वधारला. त्या वर्षांत डॉलरमध्ये कर्ज घेणारे हुशार ठरले आणि त्या हुशारीच्या भरात अनेक भारतीय कंपन्यांनी परकीय चलनातले परिवर्तनीय रोखे काढले. पुण्याची सुझलॉन त्यातलीच. २००७ मध्ये डॉलर चाळीस-एक्केचाळीस रुपयांना असताना रोखे विकले. गणित असे की शेअरचा भाव वाढेल, रोखेधारक रोख्यांचे शेअर करून घेतील आणि पैसे परत द्यायची वेळच येणार नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुदत संपली तेव्हा शेअर वीस रुपयांच्याही खाली होता आणि डॉलर ५३ च्या आसपास. कोणीही शेअर घेतले नाहीत. मुदतवाढ मागितली, ती रोखेधारकांनी नाकारली आणि २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम थकली. भारतीय कंपनीने परिवर्तनीय रोखे थकवल्याचे तोवरचे ते सर्वांत मोठे प्रकरण होते. एकाच शहरातली ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. महापालिकेची कमाई मिळकतकर आणि पाणीपट्टी, दोन्ही रुपयांत. तिने कर्जही रुपयांत घेतले. रुपया उद्या शंभरावर गेला तरी तिच्या हप्त्यात पैचा फरक पडणार नाही.

मग हेजिंग करावे, असे सल्लागार सांगतात. म्हणजे भविष्यातला डॉलरचा दर आजच बांधून घ्यायचा. पण तो दर बांधणारी बँक दोन देशांतल्या व्याजदरांचा फरक जवळजवळ पूर्णपणे वसूल करून घेते. पूर्ण हेज केलेले डॉलर कर्ज बहुतेक वेळा देशी कर्जाच्या आसपासच येऊन थांबते. मग परदेशात जायचे कशाला? दोन खरी कारणे उरतात. एक, रक्कम आणि मुदत. जानेवारी २०२२ मध्ये रिलायन्सने ४०० कोटी डॉलर एका झटक्यात उभे केले. त्यातला एक भाग चाळीस वर्षांचा होता, व्याज ३.७५ टक्के. आपल्या कंपनी-रोख्यांच्या बाजारात इतकी मोठी रक्कम इतक्या लांब मुदतीने कोण देणार? दोन, ज्याची कमाईच डॉलरमध्ये आहे त्याला वेगळे हेजिंग लागत नाही. रिलायन्स पेट्रोलियम पदार्थ निर्यात करते, तिला डॉलर येतात आणि डॉलरच जातात. ज्यांची कमाई रुपयांत आहे आणि तरी जे डॉलरच्या मागे जातात, ते कर्ज घेत नसून रुपयावर पैज लावत असतात. त्यांनी ताळेबंदात तसे लिहावे, एवढीच अपेक्षा आहे.

चलनाचा धोका गुंतवणूकदाराच्या गळ्यात घालण्याचा प्रयोगही झाला: मसाला बाँड. रोखा परदेशात विकायचा, पण मोजणी रुपयात. जागतिक बँक समूहातल्या आयएफसीने २०१४ मध्ये १००० कोटी रुपयांचा असा रोखा लंडनला नोंदवला. जुलै २०१६ मध्ये एचडीएफसीने ३००० कोटींचा काढून पहिली भारतीय कंपनी होण्याचा मान मिळवला. पाठोपाठ एनटीपीसी आली. कल्पना उत्तम होती, पण धोका घेणारा त्याची किंमत मागतोच. केरळच्या ‘किफबी’ या पायाभूत सुविधा मंडळाने २०१९ मध्ये २१५० कोटी रुपये उभे केले ते ९.७२३ टक्क्यांनी. त्यावर कॅगने ठपका ठेवला. मुद्दा घटनेचा होता. अनुच्छेद २९३ प्रमाणे राज्यांना फक्त भारताच्या हद्दीतच कर्ज घेता येते आणि मंडळाच्या नावाने राज्यच बाहेर गेले, असा कॅगचा आक्षेप. केरळ सरकारने तो मानला नाही. महाराष्ट्र सरकारही याच कलमाने बांधलेले आहे. म्हणून राज्याचे कर्जरोखे रिझर्व्ह बँकेच्या लिलावातच विकले जातात, लंडनमध्ये कधी दिसत नाहीत. मसाला बाँडचा जोर पुढे ओसरला, त्याचे कारण पुढे येईल.

आता कोर्ट. गुंतवणूकदाराला चांगल्या दिवसांत व्याजदर दिसतो, वाईट दिवसांत कायदा. ग्रीसने मार्च २०१२ मध्ये खासगी रोखेधारकांच्या मुद्दलाला साडेत्रेपन्न टक्के कात्री लावली. बहुतांश रोखे ग्रीक कायद्याखाली होते, म्हणून संसदेने फेब्रुवारीत एक कायदा करून बहुमताचा निर्णय सर्वांवर बांधून टाकला. नको म्हणणाऱ्यांचेही पैसे बुडाले. पण थोडे रोखे परदेशी कायद्याखालचे होते. ते धरून बसलेल्यांना मे २०१२ मध्ये सुमारे साडेत्रेचाळीस कोटी युरो पूर्ण चुकते झाले. कर्जदार तोच, चलन तेच, महिनेही तेच. फरक फक्त करारातल्या एका ओळीचा, ‘हा करार अमुक देशाच्या कायद्यानुसार’. ही ओळ कोणी वाचत नाही.

अर्जेंटिनाची कथा याहून लांबली. २००१ मध्ये देशाने कर्ज थकवले. २००५ आणि २०१० च्या अदलाबदलीत नव्वद टक्क्यांहून अधिक धारकांनी कमी पैसे स्वीकारले. उरलेल्यांत एलियट या हेज फंडाची शाखा होती. तिने न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला लावून धरला, कारण रोखे न्यूयॉर्कच्या कायद्याखालचे होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये या वादात घानाच्या तेमा बंदरात अर्जेंटिनाच्या नौदलाचे प्रशिक्षण जहाज ‘लिबर्ताद’ अडकवून ठेवले गेले. ते आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाच्या आदेशाने सुटले. पण न्यायाधीश थॉमस ग्रिएसा यांचा मूळ आदेश भारी पडला: हट्ट धरणाऱ्यांना दिल्याशिवाय बाकीच्यांनाही द्यायचे नाही. जुलै २०१४ मध्ये पैसे असूनही अर्जेंटिना पुन्हा थकबाकीदार ठरला आणि २०१६ मध्ये तडजोड करून त्याला मोकळे व्हावे लागले.

यावरून परदेशी रोखेधारक नेहमी सुखी आणि देशी नेहमी भरडला जाणारा, असा सरसकट निष्कर्ष काढता येईल का? श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, म्हणजे पहिला फटका परदेशी रोखेधारकांनाच बसला. डॉलर छापता येत नाहीत, रुपये छापता येतात, म्हणून हे अटळच होते. पण २०२३ मध्ये देशांतर्गत कर्जाचीही फेररचना झाली आणि ती कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीच्या माथी मारली गेली. कमी व्याजाचे लांब मुदतीचे रोखे घ्या, नाहीतर चौदाऐवजी तीस टक्के कर भरा, असा पर्याय होता. बँकांना त्यातून वगळले. परदेशी धारक न्यूयॉर्कमध्ये दावा लावू शकत होते, कोलंबोच्या कामगाराला तशी वाटच नव्हती. रशियाने १९९८ मध्ये याच्या उलट क्रम लावला. रूबलमधले देशी रोखे आधी थकवले आणि नव्या युरोबाँडचे व्याज मात्र चालू ठेवले. सरकारे कोणाचे पैसे आधी बुडवायचे हे ठरवताना नीती पाहत नाहीत, कोण जास्त त्रास देऊ शकतो ते पाहतात.

बाकीचे फरक कमी वजनाचे आहेत, पण व्यवहारात रोज भेटतात. पतमानांकनाचेच घ्या. आपल्या क्रिसिलसारख्या संस्था भारतातल्या कर्जदारांची आपसांत तुलना करतात, म्हणून स्टेट बँक इथे ‘ट्रिपल ए’. तीच बँक लंडनला गेली की देशाच्या मानांकनाचे छत डोक्यावर येते. एस अँड पी संस्थेने ऑगस्ट २०२५ पर्यंत भारताला गुंतवणूक-योग्य श्रेणीच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर, ‘बीबीबी उणे’वर ठेवले होते, नंतर एक पायरी चढवले. तेव्हा दोन बाजारांतली अक्षरे एकमेकांशी ताडून पाहणे व्यर्थ. आणि देशी ‘ट्रिपल ए’ची खात्री तरी काय? पायाभूत सुविधांना कर्ज देणारी आयएल अँड एफएस २०१८ च्या ऑगस्टपर्यंत याच श्रेणीत होती, सप्टेंबरात ती ‘डी’, म्हणजे थकबाकीदार, झाली.

करांच्या बाबतीत एक बारकावा. परदेशी रोख्यांच्या करारात बहुधा अशी अट असते की व्याजावर जो कर कापला जाईल तो कर्जदाराने पदरचा भरावा, धारकाच्या हाती ठरलेले व्याज पूर्ण पडले पाहिजे. म्हणजे सरकारने कर वाढवला की परदेशी माणसाला काही होत नाही, भारतीय कंपनीचा खर्च वाढतो. ३० जून २०२३ पर्यंत हा कर पाच टक्के होता. ती सवलत संपली आणि आता गांधीनगरच्या गिफ्ट सिटीतल्या बाजारांत नोंदणी केली तर नऊ टक्के. त्यामुळे नोंदणी लंडन-सिंगापूरहून गांधीनगरकडे खेचली जाते.

२०१९ नंतर भारताने वेगळी वाट धरली. आपण बाहेर जाण्याऐवजी बाहेरच्यांना आत बोलावले. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने काही सरकारी रोखे परदेशी गुंतवणूकदारांना कोणत्याही मर्यादेशिवाय खुले केले. सप्टेंबर २०२३ मध्ये जे. पी. मॉर्गनने आपल्या उदयोन्मुख देशांच्या निर्देशांकात भारताला घेण्याचे जाहीर केले आणि २८ जून २०२४ पासून दहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने दहा टक्के वजन दिले. इथे चलन रुपया, कायदा भारतीय, करही भारतीय. युरोक्लिअरमार्फत हिशेब व्हावा म्हणून परदेशी मंडळी बरीच वर्षे मागे लागली होती, पण करात सूट द्यायला सरकार तयार झाले नाही. जो परदेशी गुंतवणूकदार दिल्लीचा रुपया-रोखा थेट घेऊ शकतो, तो लंडनचा मसाला बाँड कशाला शोधेल?

हा मार्ग धोक्याविना नाही. मे २०१३ मध्ये अमेरिकी फेडने पैसा आवळण्याचा नुसता इशारा दिला आणि परदेशी पैसा आपल्या रोख्यांतूनही पळाला, ऑगस्टअखेर डॉलर ६८ च्या पुढे गेला. पण पळणाऱ्याला रुपया पडल्याचा तोटा स्वतः सोसावा लागतो आणि सरकारचे देणे एका पैशाने वाढत नाही. माझ्या मते हा फरक निर्णायक आहे. राजन आणि रेड्डी २०१९ मध्ये बरोबर होते.

सामान्य वाचकासाठी शेवटचे. देशी सरकारी रोखे नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून थेट घेता येतात आणि सेबीने २०२४ मध्ये कंपनी-रोख्यांची दर्शनी किंमत दहा हजारांपर्यंत खाली आणली आहे. परदेशी डॉलर रोखे मात्र बहुधा किमान दोन लाख डॉलरचे घ्यावे लागतात आणि भारतात राहणाऱ्याला वर्षाला अडीच लाख डॉलरचीच मुभा आहे. मुले अमेरिकेत शिकायची असतील, म्हणजे पुढचा खर्चच डॉलरमध्ये असेल, तर फंडामार्फत थोडे डॉलर रोखे ठेवणे शहाणपणाचे आहे. नसेल, तर परदेशी रोख्याच्या मोहात पडण्याचे कारण मला दिसत नाही. कोणी एजंट ‘डॉलरमधला खात्रीचा परतावा’ घेऊन दारी आला, तर व्याजदर नंतर विचारा, आधी कराराचे पान उघडून कोणता कायदा लागू आहे ते दाखवायला सांगा.